मशीन आलं, दुभाष्या राहिला

प्रिंटर म्हटलं की आज डोळ्यासमोर यंत्र येतं. पण हा शब्द आधी माणसाचा होता. १६७४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईला एक प्रिंटर पाठवला, तो म्हणजे हेन्री हिल्स नावाचा हाडामांसाचा इंग्रज. पगार वर्षाला ५० पौंड. सोबत छापायचं यंत्र, खिळे (म्हणजे टाइप) आणि कागदाचा भरपूर साठा.

त्याला मागवणारे गृहस्थ होते सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख. आपल्याकडचे जुने ग्रंथ छापून काढायची त्यांना हौस होती आणि त्यासाठी पदरचे पैसे घालायची तयारीही. १६७० मध्ये त्यांची मागणी विलायतेला गेली, चार वर्षांनी डिलिव्हरी झाली. (आपलं कुरिअर त्या मानाने बरंच म्हणायचं.) सामान सगळं व्यवस्थित पोचलं, आणि मग कळलं की हिल्ससाहेबांना छापता येतं, पण अक्षरं पाडता येत नाहीत. म्हणजे त्यांच्याकडे जे खिळे आहेत तेच ते छापणार. आणि भीमजींना हवी असलेली लिपी त्या खिळ्यांत नव्हती.

भीमजी तरी डगमगले नाहीत. स्वतःची माणसं लावून त्यांनी 'बनिया' लिपीची अक्षरं करवून घेतली. त्यातून छापलेला कागद कंपनीच्या लोकांनी पाहिला आणि काम छान, वाचण्याजोगं झालंय असं लंडनला कळवलंसुद्धा. पण अनुभव नसल्यामुळे ते फार खर्चाचं आणि फार रेंगाळणारं होतं. तेव्हा आता अक्षरं ओतणारा माणूस धाडा, अशी दुसरी मागणी गेली. ग्रंथ छापायचा बेत मात्र तडीला गेला नाही.

आजच्या भाषेत सांगायचं तर: प्रिंटर सापडला, ड्रायव्हर सापडला नाही.

ही गोष्ट मला आठवायचं कारण म्हणजे आमच्या अण्णांचा नवा प्रिंटर. अण्णा (माझे वडील, निवृत्त शिक्षक) बेलापूरला असतात. नवी मुंबईतलं बेलापूर नव्हे हं! आमचं बेलापूर नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर), श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेकाठचं. रेल्वेने आलात तर 'बेलापूर' अशी पाटी असलेल्या स्टेशनावर उतराल आणि बाहेर पडून बघाल तर समोर श्रीरामपूर शहर. गाव तिथून काही किलोमीटर पुढे. पाटी एकीकडे आणि गाव दुसरीकडे. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर शनिवारी मी घरी पोचलो तेव्हा नवाकोरा प्रिंटर टेबलावर होता, दिवा लागत होता आणि एक कागद निघत नव्हता. खोक्यातून ड्रायव्हरची सीडी आली होती, पण अण्णांच्या काँप्युटरला सीडी घालायची जागाच नाही. शेजारच्या पोराने उत्साहाने आधी केबल जोडली, मग इन्स्टॉलर डाउनलोड करायला घेतला आणि तेवढ्यात लाइट गेली. झालं! काँप्युटरच्या पोटात अर्धा ड्रायव्हर अडकून बसला. आता पुन्हा इन्स्टॉल करायला जावं तर तो म्हणणार "आहे की आधीच", आणि छापायला जावं तर म्हणणार "प्रिंटर कुठाय?"

"अरे, मशीन नवं, काँप्युटर चालू, लाइट पण आली. मग अडलंय कुठं?" अण्णांनी विचारलं.

ज्यांच्या घरी हेच चाललं असेल त्यांच्यासाठी इलाज थोडक्यात सांगतो. आधी केबल काढा. प्रिंटरच्या यादीतून तो अर्धवट प्रिंटर काढून टाका. एवढ्याने भागत नाही, प्रिंट सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्याचं ड्रायव्हर पॅकेजही काढावं लागतं. काँप्युटर रीस्टार्ट करा. मग तुमच्या मॉडेलचा आणि तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा (३२ बिट की ६४ बिट, हे बघून) इन्स्टॉलर उतरवा, चालवा, आणि तो सांगेल तेव्हाच केबल जोडा. आमच्याकडे एवढं करूनही कागद निघाला नाही. मग पोर्ट तपासलं. नाव नव्या प्रिंटरचं, पण पोर्ट मात्र जुन्या, केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचं! सगळे कागद इमानेइतबारे तिकडे रवाना होत होते, जिथे उतरून घ्यायला कुणीच नव्हतं. (आठवली ना स्टेशनाची पाटी?) पोर्ट बदललं आणि टेस्ट पेज सर्रकन बाहेर आलं.

टेस्ट पेज इंग्रजीत होतं. मग अण्णांनी त्यांना हवी असलेली फाइल उघडली: आमच्या घराण्याची वंशावळ, १९९९ मध्ये श्रीरामपूरच्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेली. प्रिंटरने ती लगेच छापली, पण काय छापली! पानभर इंग्रजी अक्षरं, सेमिकोलन, डॉलर आणि कंस. सात पिढ्यांचे पूर्वज, आणि एकाचंही नाव वाचता येईना.

तेव्हा अण्णांचा प्रश्न फक्त त्या प्रिंटरपुरता उरला नाही. मशीन आलं, मग अडतं कुठं? मराठीच्या बाबतीत हा प्रश्न चांगला साडेचारशे वर्षं जुना आहे.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगतो. काँप्युटर एक भाषा बोलतो, प्रिंटर दुसरी. मधे एक दुभाष्या लागतो, तो ड्रायव्हर. डॉसच्या जमान्यात हा दुभाष्या प्रत्येक सॉफ्टवेअरला आपापला पाळावा लागे. वर्डस्टारच्या यादीत तुमचा प्रिंटर नसला की संपलं. विंडोजमध्ये एक ड्रायव्हर टाकला की सगळ्या सॉफ्टवेअरांचं काम भागू लागलं. पण मराठी माणसाला आणखी एक अडचण होती. त्या काळच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या पोटातल्या चिपमध्ये अक्षरांचे आकार आधीच कोरलेले असत. 'ए' पाठवला की तो आपल्या साठ्यातला 'ए' काढून ठोकणार. त्या साठ्यात 'क' नव्हताच. म्हणजे हेन्री हिल्स पुन्हा एकदा दारात उभा, इंग्रजी खिळ्यांची पेटी घेऊन.

आता भीमजींच्याही मागे जाऊ, गोव्यात. भारतातला पहिला छापखाना ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्याला उतरला. तो खरं तर ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, चालला होता. पुढे जाणं झालं नाही आणि यंत्र इथेच राहिलं. हुआन द बुस्तामांते नावाच्या जेझुइटाने ते चालवलं आणि ऑक्टोबरमध्ये छपाई सुरूही झाली. म्हणजे मशीन आलं, चालवणारा आला, कागद निघाले. सगळे रोमन लिपीत.

तिथेच पुढे फादर थॉमस स्टीफन्स आले. जन्माने इंग्रज, पण मराठीवर असं प्रेम की जवळपास अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' त्यांनी लिहिलं. १६१६ मध्ये ते रायतूरला छापून निघालं. ओव्या मराठी आणि अक्षरं रोमन! स्टीफन्सना हे आवडत होतं असं अजिबात नाही. १६०८ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं, त्यात हीच खंत आहे. इथल्या लोकांसाठी इथल्याच लिपीत पुस्तकं छापावीत अशी आपली फार दिवसांची इच्छा आहे, पण युरोपात २४ अक्षरांवर भागतं तिथे इथे साचे लागतात ६००.

२४ आणि ६००. मला विचाराल तर पुढची सगळी गोष्ट या दोन आकड्यांत आहे. आपली लिपी अक्षरा-अक्षराने जोडली जाते. क, का, कि, क्य, क्र, क्ष... प्रत्येकाचा वेगळा खिळा करायचा म्हटला की संख्या शेकड्यांत जाते. प्रत्येक खिळ्यासाठी आधी पोलादावर उलटं अक्षर कोरायचं, मग त्याने तांब्यात ठसा उमटवायचा, मग त्यात शिसं ओतायचं. हे करणारा कारागीर हवा, त्याला वर्षानुवर्षं पोसणारा धनी हवा. तोवर यंत्र रोमन छापत राहणार.

अशा वेळी माणसं दोन वाटा काढतात. आणि गंमत म्हणजे दोन्ही वाटा १८०५ या एकाच सालात सापडतात.

पहिली वाट मिरजेची. नाना फडणवीसांच्या काळात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या उत्तेजनाने पुण्यातल्या एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायची विद्या शिकवली गेली. बेत होता भगवद्गीता छापण्याचा. १८०० मध्ये नाना गेले, पण ते काम पुढे मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने पुरं झालं आणि १८०५ मध्ये गीता छापली गेली. यात सुटे खिळे नाहीतच. अख्खं पान एकसंध कोरायचं. सहाशे साच्यांची कटकट मिटली, कारण तुम्ही अक्षरं बनवलीच नाहीत, अक्षरांचं चित्र बनवलंत.

दुसरी वाट बंगालमधल्या श्रीरामपूरची. (होय, नाव तेच, आमच्या श्रीरामपूरशी संबंध काही नाही.) तिथे विल्यम केरी यांनी त्याच १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, त्यात मराठी मजकूर सुट्या देवनागरी खिळ्यांनी जुळवलेला होता. ते शक्य झालं पंचानन कर्मकार या लोहार घराण्यातल्या कारागिरामुळे. तो चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली पंच कोरायला शिकला होता आणि पुढे ती विद्या त्याने आपल्या जावयाला, मनोहरला दिली. हे काम संथ आणि किचकट, पण एकदा 'क' झाला की तो व्याकरणात चालतो, पंचांगात चालतो, वर्तमानपत्रातही चालतो.

एक वाट चित्राची, एक अक्षराची. मराठी छपाईचा पुढचा इतिहास या दोन वाटांवरून येरझारा घालत राहिला. १८१७ मध्ये अमेरिकन मिशनने मुंबईत मराठी छपाई सुरू केली, ती कलकत्त्याहून आणलेल्या खिळ्यांवर. त्याच मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं, ते शिळाप्रेसवर, म्हणजे पुन्हा चित्राच्या वाटेने. दगडावर हस्ताक्षर उतरवायचं आणि छापायचं. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीला सोवळ्यात हात लावायचा नाही, अशी तेव्हा समजूत होती. त्यावर तुपात शाई कालवून पोथ्या छापल्याचंही सांगतात. (कंपॅटिबिलिटीचा प्रश्न नुसता लिपीचा नसतो!) पण गणपत कृष्णाजी शिळाप्रेसवर थांबले नाहीत. पुढे त्यांनी स्वतःचे खिळेही पाडले. १८४२ मध्ये आमच्या नगरला 'ज्ञानोदय' सुरू झालं, तोवर मराठी छपाईचा जम बसायला लागला होता.

आणि मग जावजी दादाजी. लहान वयात याच मिशनच्या छापखान्यात नोकरीला लागलेला गरीब घरचा मुलगा. १८६४ मध्ये त्यांनी टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेली अक्षरं इतकी देखणी होती की निर्णयसागरचा टाइप मराठीपुरता राहिला नाही, संस्कृत आणि हिंदी पुस्तकांसाठीही देशभर चालला. स्टीफन्सच्या पत्रानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी मराठीला स्वतःचा, स्वतःच्या माणसांनी केलेला ड्रायव्हर मिळाला, असं म्हणायला हरकत नाही.

मग काँप्युटर आला आणि घड्याळ पुन्हा १५५६ वर!

नवं यंत्र, पुन्हा दुसऱ्याच्या भाषेचं. आणि पुन्हा त्याच दोन वाटा. डॉट मॅट्रिक्सच्या साठ्यात 'क' नाही, तर त्याला अक्षर पाठवूच नका, ठिपक्या-ठिपक्याने 'क'चं चित्र पाठवा. मिरजेचा तांब्याचा पत्राच तो. अक्षराच्या वाटेचं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढलं. त्यातून आलेलं 'जिस्ट' कार्ड साध्या पीसीत बसवलं की डॉसवर देवनागरी दिसायची. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं एक प्रमाणही ठरलं, आधी १९८८ मध्ये आणि मग सुधारून १९९१ मध्ये.

पण गल्लोगल्लीच्या डीटीपीवाल्यांना घाई होती. लग्नपत्रिका उद्या हवी असते! त्यांच्या कामाला आली तिसरीच युक्ती. फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. काँप्युटरला वाटतं आपण 'डी' साठवला, पडद्यावर मात्र कुठलं तरी मराठी अक्षर दिसतं. बरं, प्रत्येक कंपनीची बसवणूक निराळी. जोवर तो फॉन्ट त्या काँप्युटरवर आहे तोवर सगळं झकास. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

आमच्या वंशावळीचं नेमकं हेच झालं होतं. क्रिस्तपुराणात मराठी ओव्यांनी रोमन कपडे घातले होते; अण्णांच्या फाइलमध्ये रोमन अक्षरांनी मराठी कपडे घातले होते. फरक एवढाच की क्रिस्तपुराण मोठ्याने वाचलं तर आजही मराठीच ऐकू येतं. ती फाइल मोठ्याने वाचून बघा!

खरी सुटका केली युनिकोडने. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली होती आणि तिला जागा मिळाल्या १२८. स्टीफन्सना ६०० साचे लागत होते, मग हे १२८ मध्ये कसं बसलं? कारण इथे 'क्ष' साठवतच नाहीत. क, हलन्त आणि ष, एवढंच साठवायचं. जोडून दाखवायचं काम फॉन्टचं आणि ऑपरेटिंग सिस्टिमचं. म्हणजे सहाशे साच्यांऐवजी जोडणीचे नियम. विंडोज २००० पासून हे विंडोजमध्ये चालायला लागलं. (एक्सपीमध्ये त्यासाठी वेगळी खूण करून मूळ सीडी घालावी लागायची, आठवतंय?) तरी कोरीव काम संपलं नव्हतंच. मराठीला रोज लागणाऱ्या 'ॲ'ला स्वतःची जागा मिळायला २००८ उजाडलं.

वंशावळ शेवटी वाचली, कारण फाइलमध्येच फॉन्टचं नाव होतं. नाव कळल्यावर कन्व्हर्टर शोधला, मजकूर युनिकोडमध्ये आणला, मोडलेले रफार आणि वेलांट्या अण्णांनी एकेक करून हाताने नीट केल्या. सबंध रविवार गेला.

आता प्रिंटरच्या ड्रायव्हरचं काय? तो बिचारा निवृत्तीच्या वाटेवर आहे. २०१० मध्ये ॲपलने एअरप्रिंट आणलं, २०१३ मध्ये प्रिंटर कंपन्यांनी मिळून मोप्रिया नावाची संघटना काढली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की कंपन्यांच्या वेगवेगळ्या प्रिंटर-ड्रायव्हरांचा विंडोजमधला आधार टप्प्याटप्प्याने संपवणार. सगळ्या प्रिंटरांनी एकच सामाईक भाषा बोलायची, म्हणजे दुभाष्याची गरजच नको. चांगलंच आहे. आपण सीडी आणि केबलचा जो छळ सोसला तो पुढच्या पिढीला कळणारही नाही.

पण कागद निघणं आणि आपली अक्षरं निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली यंत्र पाठवणाऱ्याच्या हिताची असते, त्यामुळे ती आज ना उद्या होतेच. दुसरी कुणीतरी खाली मान घालून बसल्याशिवाय होत नाही. पंचानन, मनोहर, जावजी, आरू ही नावं निदान पुस्तकांत सापडतात. भीमजींनी कामाला लावलेली ती माणसं आणि पुण्याचा तो तांबट, यांची तर मला नावंही ठाऊक नाहीत.

असो. इतिहास खूप झाला, एक काम सांगतो. तुमच्या घरी, गावच्या पतसंस्थेत, आजोबांच्या जुन्या काँप्युटरवर २००५ च्या आधीच्या मराठी फाइली नक्की पडल्या असतील. आठवणी, इतिवृत्तं, वंशावळी, कुणाच्या तरी कविता. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा त्या उघडून बघा. नुसते ठोकळे किंवा इंग्रजी अक्षरं दिसली तर घाबरू नका, पण फाइल फेकूही नका. फॉन्टचं नाव आधी कागदावर टिपून ठेवा. मग मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि ज्याला ती नावं, ते प्रसंग ठाऊक आहेत अशा घरातल्या माणसाला शेजारी बसवून तपासा. कारण 'रघुनाथ' की 'रंगनाथ' हे कन्व्हर्टरला कळत नाही, आपल्या घरातल्या कुणाला तरी कळतं. आणि ते माणूस आहे तोवरच हे काम होण्यासारखं आहे.